बहात्तर खिडक्यांचे प्रार्थनागृह : अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतील काही दिवस

ट्यूलिपच्या बागा, कालव्यांतली बोटफेरी आणि व्हॅन गॉगची चित्रे एवढे पाहून आपल्याकडचा पर्यटक सहसा अ‍ॅमस्टरडॅमहून पुढच्या शहराकडे निघतो. आमच्याही यादीत हे सारे होते. परंतु मला मुख्यतः पाहायचे होते ते शहराच्या जुन्या ज्यू वस्तीत 1675 पासून उभे असलेले पोर्तुगीज सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह. या ओढीचे मूळ गोव्यात आहे. गार्सिया दा ओर्ता हा नवख्रिस्ती घराण्यातला, म्हणजे सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंच्या वंशातला, वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला, मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ भाडेपट्ट्याने होते, आणि येथील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले, आणि 1580 मध्ये खुद्द गार्सियाची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. ज्या पोर्तुगालमधून ही भावंडे पूर्वेकडे आली, त्याच पोर्तुगालमधून सोळाव्या शतकाच्या अखेरीस काही नवख्रिस्ती व्यापारी उत्तरेकडे गेले, अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचले आणि तेथे उघडपणे पुन्हा ज्यू झाले. त्यांच्या मुलानातवंडांनी बांधलेली ही वास्तू आहे.

गुरुवार

आमचा भाचा अ‍ॅम्स्टलव्हीनला राहतो. या उपनगरात भारतीयांची वस्ती इतकी वाढली आहे की कढीपत्ता आणि तूरडाळ यांसाठी आता कोणाला दूर जावे लागत नाही. मार्चची अखेर असूनही वारा अंगातून आरपार जात होता. भाच्याने निघताना आपला जाड कोट माझ्या हाती ठेवला आणि म्हणाला, "मामा, उन्हाकडे बघून फसू नका." तो कोट मी मुक्काम संपेपर्यंत परत केला नाही.

वाटरलोप्लेन या मेट्रो स्थानकातून वर आले की जुन्या वस्तूंचा बाजार लागतो : कातडी जाकिटे, सायकलींचे सुटे भाग, फुटक्या कपबश्या, लष्करी बिल्ले. आज जिथे हा चौक आहे तिथे 1882 पर्यंत कालवा होता, आणि त्याच्या काठावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज ज्यूंची घरे व त्यांचे आधीचे, 1639 चे सिनेगॉग होते. शहरात तोवर त्यांच्या तीन वेगवेगळ्या मंडळ्या होत्या. त्या वर्षी तिन्ही एकत्र झाल्या. जवळच योडेनब्रेस्ट्राट या रस्त्यावर चित्रकार रेम्ब्रांट याचे घर आहे. तो 1639 ते 1658 या काळात तेथे राहिला, त्यामुळे ही मंडळी त्याच्या अगदी शेजारपाजारची होती.

कालव्याच्या काठाने थोडे पुढे गेल्यावर तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझाचा पुतळा दिसतो. 27 जुलै 1656 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला याच समाजाने बहिष्कृत केले. तो हुकूम पोर्तुगीज भाषेत लिहिलेला असून त्यात स्पिनोझाशी बोलणे, त्याच्या चार हातांच्या आत येणे आणि त्याने लिहिलेले काहीही वाचणे निषिद्ध ठरवले आहे. इन्क्विझिशनमधून सुटून आलेल्या लोकांनीच हे करावे याचा मला पूर्वी फार राग येत असे. या वस्तीत हिंडताना तो मावळला नाही, पण त्याला दुसरी बाजू मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या या लोकांना आपला धर्म पुस्तकांतून नव्याने शिकावा लागला होता, नगरपालिकेची मर्जी सांभाळायची होती, आणि आपल्यातला कोणी देवच नाकारतो आहे अशी कुजबुज त्यांना परवडणारी नव्हती. पुतळ्याच्या झग्यावर चिमण्या आणि पोपट कोरलेले आहेत. हे आपल्याकडचेच कंठवाले पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे वंशज आता या शहरात थव्यांनी राहतात. पुतळा पाहत असतानाच तसा एक थवा ओरडत डोक्यावरून गेला, तेव्हा मला क्षणभर पुण्याचा एम्प्रेस गार्डन आठवला.

दुपारी मुद्दाम 'पोटमाळ्यावरचे चर्च' पाहिले. सिनेगॉग पाहण्याआधी हे पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. 1578 मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हाती आल्यावर कॅथलिकांच्या सार्वजनिक उपासनेवर बंदी आली. ती इतकी काटेकोर नव्हती की कोणी दार ठोठावावे, पण रस्त्यावरून चर्च म्हणून ओळखू येईल असे काही दिसता कामा नये, हा त्यातला अलिखित करार होता. म्हणून यान हार्टमन या व्यापाऱ्याने 1663 मध्ये आपल्या कालव्याकाठच्या घराच्या आणि त्यामागच्या घरांच्या वरच्या मजल्यांत वेदी, सज्जे यांसह सबंध चर्च थाटले. बाहेरून पाहिले तर ते सावकाराचे घर वाटते. जिने शिडीसारखे उभे आणि अरुंद आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून चढावे. या चर्चनंतर बारा वर्षांतच, ज्या कॅथलिक राजवटीने ज्यूंना हाकलले तिच्या धर्मबांधवांना माळ्यावर बसावे लागत असलेल्या या शहरात, पोर्तुगीज ज्यूंनी रस्त्याच्या दर्शनी बाजूला आपले भव्य प्रार्थनागृह उघडले.

शुक्रवार

सकाळी दार उघडण्याच्या सुमारास पोहोचलो. ज्यू सांस्कृतिक परिसराचे तिकीट एकत्रित असते; त्यात सिनेगॉग, समोरचे ज्यू संग्रहालय आणि 2024 च्या मार्चमध्ये सुरू झालेले राष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालय येते. सामानाची तपासणी होते, तेव्हा पाठीवरची पिशवी लहान ठेवावी. शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी सिनेगॉग पर्यटकांना बंद असते, हिवाळ्यात शुक्रवारीही ते लवकर बंद होते. पुरुषांनी डोके झाकायचे असते. टोपी नसेल तर दाराशी मिळते.

बाहेरून ही वास्तू विटांचा मोठा, जवळजवळ चौकोनी ठोकळा आहे. नक्षी जवळपास नाही. भिंतींना सपाट अर्धस्तंभ, वर कठडा, आणि उंच कमानदार खिडक्यांच्या रांगा एवढाच तिचा साज. भोवती ठेंगण्या इमारतींचे कुंपण असून त्यांत कार्यालये, ग्रंथालय, हिवाळी सिनेगॉग आणि राहण्याच्या खोल्या आहेत. या ठेंगणेपणामुळेच मधली इमारत अधिक उंच भासते. जमीन 1670 मध्ये घेतली, पायाचे दगड 1671 मध्ये बसवले गेले, आणि लगेच 1672 मध्ये फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केल्यामुळे काम थांबले. उद्घाटन 2 ऑगस्ट 1675 रोजी झाले आणि त्याचा सोहळा आठ दिवस चालला. या अडथळ्याची खूण प्रवेशद्वारावरच राहून गेली आहे. तेथे कोरलेल्या स्तोत्राच्या ओळीतील काही हिब्रू अक्षरांवर खुणा आहेत. त्यांची बेरीज 1672 हे ठरलेले वर्ष देते, आणि त्याच ओळीत 'अबोआब' हे मुख्य रब्बींचे (ज्यू धर्मगुरूंचे) आडनावही गुंफलेले आहे. इसाक अबोआब दा फोन्सेका हे पोर्तुगालमध्ये जन्मले, अ‍ॅमस्टरडॅमला वाढले, डचांच्या ताब्यातील ब्राझीलमध्ये रेसिफे येथे रब्बी झाले, आणि 1654 मध्ये पोर्तुगीजांनी ते शहर परत घेतल्यावर पुन्हा येथे आले. 1670 च्या त्यांच्या प्रवचनानंतरच या बांधकामासाठी निधी उभा राहू लागला.

वास्तुरचनाकार एलियास बाउमन हा ख्रिश्चन होता. यात आश्चर्य नाही, कारण बांधकामाच्या कारागीरसंघांत ज्यूंना प्रवेशच नव्हता. त्याच्यासमोर नमुना होता तो मात्र जेरुसलेमचा : याकोब यहुदा लिओन या विद्वानाने बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या जेरुसलेममधील मंदिराची जी प्रतिकृती करून दाखवली होती, तिच्यातल्या वक्राकार भिंत-आधारांची छाया या वास्तूवर असल्याचे मानले जाते.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती थंडी, आणि मग उजेड. दिवाणखान्यात वीज नाही, तापवण्याची सोयही नाही. बहात्तर खिडक्यांतून येणारा डच आकाशाचा राखाडी प्रकाश एवढाच दिवा. त्या दिवशी ढग भराभर सरकत असल्यामुळे काही क्षण सगळा हॉल फिकट पडे आणि पुन्हा एकदम पितळ चमकू लागे. चार अजस्र दगडी आयोनिक स्तंभ छताला उचलून धरतात, त्यांवर लाकडी अर्धगोल कमानींची तीन छते लांबच्या लांब गेली आहेत, आणि स्त्रियांच्या सज्जांखाली बारा लहान स्तंभ आहेत. ते इस्राएलच्या बारा वंशांचे प्रतीक आहेत असे सांगतात. पायांखाली लाकडी फळ्यांवर बारीक वाळू पसरलेली असते. पावसाळी देशात बुटांबरोबर येणारा चिखल आणि ओल ती शोषून घेते, आणि पावलांचा आवाजही दाबते. हीच पद्धत येथून निघालेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर नेली. क्युरसाओच्या 1732 च्या सिनेगॉगमध्येही जमिनीवर वाळू आहे.

आग्नेय कोपऱ्यात, जेरुसलेमच्या दिशेला, हेखाल म्हणजे तोराच्या, ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट आहे. कपाट म्हणणे अपुरे आहे, कारण ते एखाद्या लहान इमारतीच्या दर्शनी भागाएवढे असून माथ्यावर दहा आज्ञांच्या पाट्या आहेत. लाकूड ब्राझीलचे जाकारांडा. ते मोझेस कुरिएल यांनी दिले, ज्यांचे दुसरे नाव जेरोनिमो नुनेस दा कोस्ता असे होते आणि जे अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोर्तुगालच्या राजाचे अधिकृत प्रतिनिधी होते. ज्या राज्यात ज्यू म्हणून जगणे हा गुन्हा होता त्या राज्याचा कारभार पाहणाऱ्याने हे कपाट उभे करावे, आणि राजालाही त्याचे नाव चालावे! व्यापाराला इन्क्विझिशनपेक्षा वेगळे डोळे असावेत. हेखालच्या समोर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, प्रार्थना चालवणाऱ्याचा चौथरा आहे. त्याला तेवा म्हणतात. बाके या दोहोंच्या मधोमध मोकळी वाट सोडून एकमेकांकडे तोंड करून मांडलेली आहेत, त्यामुळे बसणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो आणि दोन्ही टोकांकडे मान वळवावी लागते.

वर पितळी झुंबरे, बाकांवर मेणबत्त्यांच्या पितळी दांड्या. सगळ्या मिळून सुमारे एक हजार मेणबत्त्या. एक वयस्कर सेवक शिडीवर उभा राहून जळून संपलेली टोके काढत होता. त्याला विचारले, की एवढ्या सगळ्या पेटवायला किती वेळ लागतो, तर हसून म्हणाला, "पेटवायला फार नाही, विझवल्यावर मेण खरवडायला लागतो." मेणबत्त्यांच्या उजेडातल्या मैफली येथे अधूनमधून होतात. आमच्या मुक्कामात नव्हती. ज्यांना तारखा जुळवता येतील त्यांनी तिकिटे आधीच काढून ठेवावीत आणि आत जाताना स्वेटर काढू नये.

इमारतीखाली पाणी आहे, हे मला तेथील वाटाड्या बाईंनी सांगितले. पाया लाकडी खांबांवर उभा असून पायातल्या विटांच्या कमानींखाली होडीतून जाऊन तपासणी करता येते. खांब पाण्याखाली असेपर्यंत कुजत नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली तर धोका. अंगणापलीकडे एट्स हाईम ग्रंथालय आहे. त्याची स्थापना 1616 ची, म्हणजे ते वास्तूहूनही जुने आहे, आणि कामात असलेल्या ज्यू ग्रंथालयांत ते जगातले सर्वांत जुने मानले जाते. 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत त्याची नोंद झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हे ग्रंथ उचलून नेले होते. युद्धानंतर ते परत आले. वाचनकक्षावर वरून उजेड येणारे अष्टकोनी छत आहे आणि गोल जिना पोथ्यांच्या वरच्या मजल्याकडे चढतो.

याच पोर्तुगीज समाजाचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1686 मध्ये मोझेस पेरेरा दे पाइवा आणि अ‍ॅमस्टरडॅमचे आणखी काही ज्यू कोचीनला पोहोचले. तेथील ज्यूंची त्यांनी केलेली पाहणी पोर्तुगीज भाषेत 1687 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापली गेली. पुढे कोचीनच्या ज्यूंनीच कोकणातल्या बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले, ज्यांची घरची भाषा मराठी होती आणि ज्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधले. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग मी पाहिले आहे. त्यातही तोराची जागा आणि मधला चौथरा यांत अंतर सोडलेले आहे. वाटाड्या बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी अलिबागचे नाव चिठ्ठीवर लिहून मागितले.

बाहेर पडल्यावर शेजारच्या चौकात बंदरावरच्या कामगाराचा पुतळा आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी जर्मनांनी या भागात चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेले. त्याच्या निषेधार्थ 25 तारखेला शहरातल्या कामगारांनी संप पुकारला. मारी अँड्रिसन यांचे हे शिल्प 1952 चे आहे. युद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये चार हजारांहून अधिक पोर्तुगीज ज्यू होते, त्यांपैकी जेमतेम आठशे वाचले. सिनेगॉगची इमारत मात्र शाबूत राहिली. हे दोन आकडे ऐकल्यानंतर सकाळी पाहिलेली रिकामी बाके वेगळी दिसू लागतात, आणि राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय त्याच दिवशी पाहण्याची ताकद आमच्यात उरली नाही. ते वेगळ्या दिवसासाठी ठेवणे बरे.

संध्याकाळी भाच्याने आल्याचा बोलस आणला. हा पोर्तुगीज ज्यूंकडून शहरात आलेला गोड, चिकट, पाकात मुरवलेल्या आल्याने भरलेला वळणदार पाव आहे, आणि चवीला आपल्या आलेपाकाचा मऊ भाऊ शोभतो. चहाबरोबर दोन संपवले.

शनिवार

सिनेगॉग बंद, आणि पाऊस थांबायचे नाव घेईना. अशा दिवशी राइक्सम्युझियममध्ये जावे आणि एमानुएल दे विट्टे याने 1680 मध्ये काढलेले पोर्तुगीज सिनेगॉगच्या अंतर्भागाचे चित्र शोधावे. वास्तू उघडून अवघी पाच वर्षे झाली होती. चित्रात तीच छते, तीच झुंबरे, दूरवर तोच हेखाल, आणि अग्रभागी चांगल्या कपड्यांतले पाहुणे व त्यांची कुत्री. हे पाहुणे प्रार्थनेला आलेले नाहीत, ते पाहायला आलेले आहेत. सिनेगॉग पाहण्याची हौस ही पर्यटनाच्या युगातली नव्हे, हे मला येथे पटले. बाहेर कॅथलिकांना माळ्यावर बसवणारे शहर ज्यूंची उपासना पाहायला कुत्र्यांसह येत होते. आदल्या दिवशी आत उभे राहिलेले असल्यामुळे चित्रातला उजेड कोणत्या बाजूने येतो ते आम्ही भांडून ठरवले. बायकोचे म्हणणे बरोबर निघाले.

दुपारी सूरिनामी रोटी खाल्ली. 1873 ते 1916 या काळात उत्तर भारतातून करारबद्ध मजूर म्हणून सूरिनामला नेलेल्या लोकांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले, त्यांच्या हातची ही रोटी, बटाटा आणि लांब शेंगांची भाजी. दुकानातल्या आजींची सारनामी बोली आम्हाला निम्मी समजली आणि आमचे हिंदी त्यांना बरेच समजले. त्यांच्याच बोलण्यात सूरिनामच्या ज्यू सवानाचा उल्लेख आला. सतराव्या शतकात पोर्तुगीज ज्यूंनी तेथे उसाचे मळे उभारले आणि 1685 मध्ये विटांचे सिनेगॉग बांधले. मळ्यांवर राबत होते ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. जाकारांडाच्या हेखालची, पितळी झुंबरांची आणि त्या मोठ्या खिडक्यांची किंमत कुठून आली हे सांगताना हा भाग वगळणे योग्य नाही. सगळा पैसा तेथूनच आला असे मात्र कोणी म्हणू नये. तंबाखू, हिरे, रेशीम, छपाई, शेअर व्यवहार असे या समाजाचे बरेच उद्योग होते.

रविवार

आऊडरकर्क हे अ‍ॅम्स्टल नदीकाठचे गाव अ‍ॅम्स्टलव्हीनहून सायकलने जवळ आहे. ऊन पडले होते, वारा मात्र समोरून होता, आणि भाच्याची शाळकरी मुलगी आमच्या पुढे जाऊन दर वळणावर थांबत होती. शहरात दफनाला जागा न मिळाल्याने पोर्तुगीज ज्यूंनी 1614 मध्ये येथे बेथ हाईम ही दफनभूमी सुरू केली, आणि प्रेते नदीतून होडीने येत. शनिवारी आणि सणांना तीही बंद असते. गवत ओलसर असते, बूट त्या तयारीने घालावेत.

दगड उभे नसून आडवे असतात. त्यांतले बरेच मऊ जमिनीत खचले आहेत. सर्वांत चकित करणारी गोष्ट म्हणजे त्यांवरचे कोरीवकाम. ज्यू परंपरेत मनुष्याकृती टाळतात, पण येथील श्रीमंतांच्या थडग्यांवर बायबलमधले प्रसंग माणसांसकट उठावात कोरलेले आहेत : शमुवेल आणि देवाचा आवाज, दाविदाची वीणा, कवट्या आणि वाळूची घड्याळे. पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक चर्चांत गेलेल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी तीच शिल्पभाषा उचलली असे मला वाटले, आणि त्यांच्या सिनेगॉगच्या संयत विटांनंतर हे पाहून थोडे चक्रावल्यासारखेही झाले. फ्रान्सच्या राणीचे वैद्य एलियाहू मोंताल्तो यांचे शव 1616 मध्ये फ्रान्समधून येथे आणले गेले. छापखाना चालवणारे आणि इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या दरबारी ज्यूंची बाजू मांडणारे मनास्से बेन इस्राएल येथेच आहेत.

स्पिनोझाचे वडील आणि आईही येथे आहेत. 1654 मध्ये वारलेल्या वडिलांना दोनच वर्षांनी मुलावर आलेला बहिष्कार पाहावा लागला नाही. स्वतः स्पिनोझा 1677 मध्ये हेगला मरण पावला, आणि त्याला तेथील नव्या चर्चमध्ये पुरले. अ‍ॅमस्टरडॅमहून हेग रेल्वेने तासाभरावर आहे, आणि ज्यांना सोमवार मोकळा असेल त्यांनी आऊडरकर्कनंतर लगेच तेथे जावे. आमचे विमान सोमवारी सकाळचे होते.